‘एसी केबिनमधला विनोद’ : शॉपफ्लोअरवाला यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

शॉपफ्लोअरवाला,

खरं नाव लिहिलं असतंत तर नावाने हाक मारली असती. असो. कंपनीचं इंट्रानेट, म्हणजे फक्त कर्मचाऱ्यांसाठीची आतली वेबसाइट, खुली करण्याआधी पाच जणांवर तपासून बघा, असं सांगणाऱ्या ‘रजेचा अर्ज कुठे आहे?’ या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते आधी जसंच्या तसं देतो, म्हणजे मी सोयीचं तेवढं उचललं असं म्हणायला जागा राहणार नाही :

“लेखकमहाशय, पाच माणसांना खुर्चीत बसवून तीन हजार लोकांचं इंट्रानेट ठरवणं हा एसी केबिनमधला विनोद आहे. एकदा सेकंड शिफ्टला या, मग कळेल. आमचा कामगार इंट्रानेट उघडतच नाही, त्याचं सगळं व्हॉट्सॲपवर चालतं. सर्च नीट चालला तर मेनूवर एवढा काथ्याकूट कशाला? आणि मराठीत लिहिताय तर मराठी इंटरफेसबद्दल एक ओळ तरी लिहायची होतीत. स्क्रीनशॉट तर दिसतच नाहीत.”

स्क्रीनशॉटचं मान्य. फोनवर अक्षरं वाचता येत नव्हती, काल रात्री मोठे करून पुन्हा टाकलेत. रास्त सूचना आली की मी ऐकतो, एवढी नोंद घ्यावी.

आता ‘महाशय’. गेली कित्येक वर्षं मी इथे लिहितोय आणि लोक मला ‘दादा’, ‘सर’, क्वचित ‘अहो लेखक’ म्हणतात. ‘महाशय’ म्हणणारा माणूस पुढच्या वाक्यात काय म्हणणार हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. मतभेद असू द्यात, पण मुद्दा सुरू होण्याआधीच समोरच्याला खुर्चीवरून खाली ओढायचं ही पद्धत मला पटत नाही. हेच वाक्य ‘पाच माणसं पुरेशी कशी, हे समजावून सांगाल का?’ असं लिहिता आलं असतं. अक्षरंही कमी लागली असती.

तर पाच माणसं.

पहिली गोष्ट, पाच माणसांनी तीन हजारांचं इंट्रानेट ‘ठरवावं’ असं मी कुठेही लिहिलेलं नाही. लेख पुन्हा वाचा. मी एवढंच म्हटलं होतं की मांडणी खात्यांप्रमाणे करू नका, कामांप्रमाणे करा. आणि ती सगळ्यांसाठी खुली करण्याआधी पाच जणांना प्रत्यक्ष काम करायला देऊन मागे गप्प बसून बघा. त्यांचं मत विचारायचं नसतं. पहिल्या पानाचा रंग निळा हवा की हिरवा, हे विचारायचं असेल तर पाच काय, पन्नासही कमीच. इथे फक्त बघायचं असतं की माणूस कुठे अडतो, कुठे चुकीचं बटण दाबतो, कुठे मागे वळून ‘आता काय करू?’ म्हणतो.

हा आकडा माझ्या डोक्यातून आलेला नाही. जेकब नील्सन आणि थॉमस लँडाउर या वापरसुलभतेच्या अभ्यासकांनी १९९३ साली अशा चाचण्यांचा हिशोब मांडला. त्यांच्या प्रकल्पांत एका वापरकर्त्याकडून सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होत होत्या. दुसऱ्या माणसाला त्यातल्या काही त्याच येतात, काही नव्या सापडतात, तिसऱ्याकडून नव्या आणखी कमी. या हिशोबाने पाचव्या माणसापर्यंत साधारण ८५ टक्के हाती लागतात आणि त्यापुढे आपण बहुतेक वेळा तेच तेच बघत बसतो. म्हणून नील्सनने २००० साली लिहिलं की पंधरा माणसांचे पैसे असतील तर पंधरा जणांना एकदम बसवू नका. पाच बसवा, दुरुस्ती करा, नवे पाच बसवा, पुन्हा दुरुस्ती करा, मग शेवटचे पाच. माझ्या लेखात ‘दर फेरीला’ हे शब्द होते. तुम्ही ते गाळलेत. घाईत राहिले असतील असं मी समजतो.

या हिशोबावर खरे आक्षेप आहेत. तुम्ही ते घेतले नाहीत, म्हणून मीच घेतो. लॉरा फॉकनर या संशोधिकेने २००३ साली साठ जणांच्या चाचणीतून पाच-पाचचे गट यादृच्छिक काढून बघितले. काही गटांना ९९ टक्के अडचणी सापडल्या, काहींना फक्त ५५. म्हणजे पाच जणांत नशिबाचा भाग मोठा असतो. शिवाय ३१ टक्के ही सरासरी आहे. दहातल्या एकालाच येणारी अडचण पाच जणांत एकदा तरी दिसण्याची शक्यता जेमतेम ४१ टक्के, हे कुणीही कॅल्क्युलेटरवर काढू शकतो. हे सगळं मला ठाऊक आहे, तरीही मी पाचच म्हणतो. कारण आपल्याकडच्या बहुतेक इंट्रानेटवरच्या अडचणी दहातल्या एकाच्या नसतातच, त्या दहातल्या नऊ जणांच्या असतात आणि त्या बघायलाही आजवर कुणी बसलेलं नसतं.

एक उदाहरण देतो. दोन हजारच्या दशकात आमच्याकडे सगळं लोटस नोट्स या ऑफिसच्या सॉफ्टवेअरवर होतं. मेल, रजा, गेटपास, सगळं. (ते नोट्स २०१९ पासून आपल्या एचसीएलकडे आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.) ब्राउझरमध्ये एफ-५ दाबलं की पान ताजं होतं. नोट्समध्ये एफ-५ दाबलं की ते लॉक व्हायचं आणि पुन्हा पासवर्ड मागायचं. ताजं करायला एफ-९ होतं. रजा मंजूर झाली का बघायला माणूस सवयीने एफ-५ दाबायचा, पासवर्ड टाकायचा, परत एफ-५, परत पासवर्ड. आयटीकडे तक्रार जायची ती ‘नोट्स सारखं बंद पडतं’ अशी. सर्व्हर तपासून झाले, नेटवर्क तपासून झालं. माणसाच्या मागे जाऊन उभं राहायला कुणाला सुचलं नव्हतं. मी जाऊन उभा राहिलो आणि पहिल्याच माणसाकडे उलगडा झाला. त्यासाठी तीन हजार लोकांचा सर्व्हे घ्यायचा होता का?

आता ‘सेकंड शिफ्टला या’. हे मात्र मला लागलं, उगाच लपवत नाही.

साहेब, मी सेकंड शिफ्टमधूनच आलोय. डिप्लोमानंतर माझी पहिली नोकरी पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात, टाईम ऑफिसात. पंचिंग मशीन बंद पडलं की रजिस्टर घेऊन गेटवर उभं राहायचं. ओव्हरटाइमचे तास जुळले नाहीत की पगाराच्या दिवशी खिडकीवर शिव्या खायच्या. वडील त्याच पट्ट्यात मशीनवर होते. घरात सी-ऑफ (सुट्टीच्या दिवशी काम केल्याची बदली रजा) आणि सोसायटीचं कर्ज हे शब्द मी पाढ्यांच्या आधी ऐकलेत. इंट्रानेटच्या कामात मी पडलो तोच टाईम ऑफिसातून, कारण कॉम्प्युटरवर रजेचा फॉर्म सापडत नाही म्हणून लोक माझ्या खिडकीवर येत होते. एसी केबिन मला फार उशिरा मिळाली आणि तिचा एसी निम्मा वेळ बंद असतो. तेव्हा कामगाराची बाजू मला शिकवायला येण्याआधी समोर कोण आहे याची थोडी चौकशी करायची होती. माझी ओळख इथेच डाव्या बाजूला आहे. (फोनवर ती खाली जाते, हेही आता कुणीतरी सांगेलच.)

त्या खिडकीवर जे शिकलो तेच पुढे कागदी चिठ्ठ्यांवर उतरलं. एका कंपनीत नवी मांडणी ठरवताना आम्ही प्रत्येक कामाची एक चिठ्ठी केली : पगारस्लिप, गेटपास, कँटीनचं कूपन, पीएफची शिल्लक, बसचा मार्ग, सेफ्टी शूज. लोकांना म्हटलं, जे एकत्र असावं वाटतं ते एकत्र ठेवा. याला कार्ड सॉर्टिंग म्हणतात. याला मात्र पाच पुरत नाहीत, पंधराच्या आसपास माणसं लागतात, कारण इथे चूक शोधायची नसते, डोक्यातली मांडणी समजून घ्यायची असते. हाही फरक मूळ लेखात होता. कंपनीच्या आराखड्यात पगारस्लिप ‘फायनान्स’मध्ये, सेफ्टी शूज ‘स्टोअर्स’मध्ये आणि बस ‘ॲडमिन’मध्ये होती. लोकांनी पगारस्लिप, पीएफ आणि रजा एका ढिगात ठेवल्या आणि वर लिहिलं ‘माझं’. फायनान्सचे साहेब चिडले. म्हणाले, स्लिप आम्ही काढतो. ती कोण काढतं याच्याशी स्लिप बघणाऱ्याला काय देणंघेणं, हे त्यांना पटायला तीन मीटिंगा गेल्या. तुम्ही ज्याला मेनूवरचा काथ्याकूट म्हणता तो हा.

कामगार आणि ऑफिसवाले हे दोन वेगळे गट आहेत, दोघांच्या चाचण्या वेगळ्या व्हायला हव्यात, असं तुम्हाला म्हणायचं असेल (तुम्ही तसं म्हटलेलं नाही, पण उदार मनाने वाचलं तर तसा अर्थ निघतो), तर ते नील्सनच्या त्याच २००० सालच्या लेखात आहे : गट अगदी वेगळे असतील तर प्रत्येकातून तीन-चार जण घ्या. जागेअभावी मी ते घातलं नव्हतं. त्यामुळे माझ्या मुद्द्याला बाध येत नाही.

बाकीचं थोडक्यात.

व्हॉट्सॲप : ठाऊक आहे. सुपरवायझर ग्रुपवर शिफ्टचा तक्ता टाकतो आणि तो वीस ‘गुड मॉर्निंग’खाली गाडला जातो. माणूस नोकरी सोडतो तरी ग्रुपमध्ये राहतो. कामगार इंट्रानेट उघडत नाही, हे इंट्रानेट वाईट असल्याचं लक्षण आहे, आणि माझा लेख त्यावरच होता.

सर्च : सर्चला सापडण्याजोगं काही असावं लागतं. महाराष्ट्र शासनाच्या प्रत्येक शासन निर्णयाला अठरा आकडी संकेतांक असतो, त्यातले पहिले आठ आकडे तारखेचे. संकेतांक हाताशी असेल तर काम झालं. ज्याला फक्त ‘तो बदल्यांचा जीआर’ एवढंच आठवतं त्याला याद्या चाळत बसावं लागतं. तुमच्या कंपनीतल्या स्कॅन केलेल्या पीडीएफना तर तेवढाही आधार नसतो. जुन्या श्रीलिपी फाँटमध्ये (त्यात अक्षरांचे संकेत युनिकोडहून वेगळे असतात) टाइप केलेलं परिपत्रक युनिकोडमध्ये ‘रजा’ लिहून शोधून बघा आणि काय सापडतं ते मला कळवा.

मराठी इंटरफेस : स्वतंत्र विषय आहे. प्रत्येक लेखात प्रत्येक गोष्ट येत नाही. लिहीन तेव्हा लिहीन.

आणि हो, परवा रात्री तुमची दुसरी प्रतिक्रिया आली : “उत्तर द्यायची हिंमत नाही वाटतं.” ती मी प्रसिद्ध केलेली नाही. ती आली तेव्हा मी हेच उत्तर लिहीत बसलो होतो आणि दुसऱ्या दिवशी मला फर्स्ट शिफ्टच्या वेळेला एका प्लांटवर पोचायचं होतं.