आराखडा भिजू नये म्हणून

गावच्या आपत्ती व्यवस्थापन समितीवर तुमची निवड झाली, अभिनंदन. निवड झाल्याचं कुणी कळवलं नसेल तर मनाला लावून घेऊ नका. आमच्या समितीतल्या दोघांना अजून कळलेलं नाही, आणि तिसरे सदस्य जाऊन तीन वर्षं झाली तरी दर मे महिन्यात त्यांची सही वेळेवर होते. कामाला असं वाहून घेतलेला माणूस पुन्हा व्हायचा नाही.

मराठवाड्यात मांजरा नदीच्या काठावरच्या गावात मी या समितीवर बरीच वर्षं काढली. तेव्हा चार गोष्टी सांगतो, पदरात बांधून ठेवा. पाणी आणि संडास ही दोन खाती तुमच्याकडे येतील, कारण बाकीची, म्हणजे मदतवाटप, पंचनामे आणि फोटो, आधीच वाटून झालेली असतात.

पहिलं काम आराखड्याचं. आराखडा लिहायचा नसतो, उतरवायचा असतो. गेल्या वर्षीचा घ्या, साल बदला, झालं. आम्ही एकदा घाईत शेजारच्या जिल्ह्यातल्या एका गावाची प्रत आणली होती. त्यामुळे मांजरेच्या काठावरच्या आमच्या गावाला सलग दोन वर्षं फक्त गोदावरीच्या पुराचा धोका होता. दोन्ही वर्षं गोदावरी आमच्या वेशीपर्यंत आली नाही. आराखडा किती प्रभावी होता, यावरून समजा.

लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची टाका. नवी जनगणना होईपर्यंत कुणी तुम्हाला खोटं पाडू शकत नाही. त्यानंतर जन्मलेली पोरं आता हापशाला लोंबकळतात, पण कागदावर ती नाहीत, म्हणजे त्यांना तहानही नाही. दिवाळीच्या आसपास अर्धं गाव ऊसतोडीला जातं आणि मागे म्हातारी माणसं अन् शाळेतली पोरं उरतात. ही भानगडही आराखड्यात आणू नका. उन्हाळ्यात गावात हंडा उचलायला कोण असतं, असा प्रश्न नमुन्यात नाही. नमुन्यात नसलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं म्हणजे आगाऊपणा.

आता आपल्या भागाची खासियत लक्षात घ्या. मराठवाड्यात एका गावाला एकच संकट येईल, असं नसतं. सप्टेंबरात छातीइतकं पाणी आणि एप्रिलात टँकर, असा एकाच गावाचा वार्षिक कार्यक्रम असू शकतो. म्हणून कागदही दोन. टंचाई आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांचा. उरलेले पावसाळ्याचे महिने पूर सांभाळतो, त्याचा आराखडा निराळा. म्हणजे बारा महिने आपण अडचणीत असतो आणि बारा महिने आपल्याकडे आराखडा असतो. दोन्ही फायली एका टेबलावर कधी येऊ देऊ नका. आल्या तर एखादा शहाणा विचारेल की, पुरात बुडणारी विहीर आणि उन्हाळ्यात अधिग्रहित करायची विहीर एकच कशी? आमच्याकडे ती एकच आहे. नळयोजनेची विहीर नदीकाठीच असणार, पाणी तिथंच लागतं. पूर आला की आधी ती बुडते, मग विजेची डीपी बुडते, मोटार जळते, आणि चहूबाजूंनी पाणी असलेल्या गावात प्यायला थेंब राहत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, तेरणा अशा सगळ्याच नद्या उठल्या, परंड्याकडं तर माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. त्या आठवड्यात आमच्या टंचाई आराखड्याचा पहिला टप्पा सुरू व्हायला सात दिवस बाकी होते. नियमानं तहान लागायला अजून वेळ होता.

आकड्यांपासून सांभाळून राहा. जगभरच्या मदतसंस्थांनी १९९७ पासून एकत्र बसून ‘स्फिअर’ नावाचे किमान निकष ठरवले आहेत. ते चुकून वाचलेत तर झोप उडेल. संकटात माणशी रोज किमान १५ लिटर पाणी. एका नळावर २५० पेक्षा जास्त माणसं नकोत. रांगेत अर्ध्या तासावर कुणी उभं राहू नये. पाणी घरापासून ५०० मीटरच्या आत. संडास सुरुवातीला ५० माणसांमागे एक, आणि लवकरात लवकर २० माणसांमागे एक. त्यातही पुरुषांच्या एकाला बायकांचे तीन. दोन हजार वस्तीच्या गावाला हे लावून बघा. रोज ३० हजार लिटर, म्हणजे दहा हजारी तीन टँकर, आठ नळ, आधी चाळीस संडास आणि मग शंभर. हा हिशोब पाचवीतलं पोरगं करील, म्हणूनच तो मोठ्या माणसांनी करायचा नसतो. त्याऐवजी लिहा, ‘पुरेशा प्रमाणात उपलब्ध करून देण्यात येईल.’ ‘पुरेशा’ या शब्दाला लिटर नसतात. आणि कुणी फारच नेट लावला तर सांगा की, आपल्या सरकारी टँकरचा हिशोब माणशी २० लिटरचा आहे. कागदावर आपण जगाच्या पाच लिटर पुढं आहोत.

टँकरचं पाणी घरोघर वाटायच्या भानगडीत पडू नका, सरळ विहिरीत सोडा. हीच चालत आलेली रीत आहे. दहा हजार लिटर वरून धो धो कोसळतं, तळाचा गाळ ढवळून वर येतो, आणि त्यावर पन्नास पोहरे एकदम पडतात. टँकर भरताना पाण्यात काय औषध टाकलं होतं, याला मग काही अर्थ उरत नाही. टँकरला जीपीएस असतं. त्यामुळे टँकर कुठं गेला ते जिल्ह्याला कळतं. पाणी कुठं गेलं ते विहिरीला.

औषधावरून आठवलं. टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर. याच्यावर मी थोडा जास्त बोलणार आहे, माफ करा, हा माझा जुना आजार आहे.

ग्रामपंचायतीच्या ऑफिसात दारामागं एक पोतं असतं. आमचं पोतं मी स्वतः ढकलून बघितलं, हललं नाही. ओल लागून त्याचा धोंडा झाला होता. शिपाई त्याचा उपयोग वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून करत होता, आणि खरं सांगायचं तर त्या कामात ते पोतं उत्तम होतं. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. हवा, ऊन, ओल लागली की ते उडून जातं आणि मागं चुना राहतो. तो चुना आम्ही भक्तिभावानं पाण्यात टाकत होतो. पाणी पांढुरकं दिसायचं, लोकांना समाधान वाटायचं.

आता मला खटकलेली गोष्ट ऐका. चांगली पावडर असेल तर हजार लिटरला पाच ग्रॅमच्या हिशोबानं आख्ख्या गावाच्या ३० हजार लिटरला लागते १५० ग्रॅम. एक वाटी. बादलीत कालवायची, चुना तळाला बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं, तासभर थांबायचं. पुराचं गढूळ पाणी असेल तर आधी तुरटी फिरवून गाळ बसवायचा, नाहीतर क्लोरीन चिखलावरच खर्ची पडतं. मग शेवटच्या घरच्या नळाचं पाणी घेऊन ओटी टेस्ट करायची. औषधाचे थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही. एक वाटी पावडर, एक झाकणाचा डबा आणि एक पिवळा रंग. यात इस्टिमेट बसत नाही, गुत्तेदार बसत नाही, नारळ फोडायला जागा नाही. म्हणून ही गोष्ट होत नाही. तुम्हीही करू नका. रजिस्टरात मात्र रोज ‘ओटी टेस्ट पॉझिटिव्ह’ लिहा. आमच्याकडे ते रजिस्टर ३१ तारखेपर्यंत आगाऊ भरलेलं सापडलं. महिना फेब्रुवारी होता. तरी त्या वर्षी आम्हाला पाणी सुरक्षित असल्याचं हिरवं कार्ड मिळालं.

संडासाचं खातं सोपं आहे, कारण गाव हगणदारीमुक्त आहे. तसा बोर्डच आहे वेशीवर. पूर आला तर पाणी आधी त्या बोर्डालाच लागतं आणि तो वाहून जातो, तेवढ्या दिवसांपुरता प्रश्न येतो. आराखड्यात ‘तात्पुरते शौचालय खड्डे खोदण्यात येतील’ हे वाक्य असतंच, ते राहू द्या. काळ्या रानात पावसाळ्यात खड्डा खोदला की संध्याकाळपर्यंत त्याचं डबकं होतं आणि सकाळी कडा आत बसतात. गावठाणात खोदायला जावं तर हातभर मुरूम आणि खाली काळा पाषाण. त्या पाषाणाला भेगा असतात, त्यातून मैला विहिरीकडं वाट काढतो. म्हणून विहिरीपासून किमान ३० मीटर लांब आणि जमिनीच्या वर उंचवटा करून संडास बसवावेत, असं जाणते सांगतात. जाणत्यांना समितीत घेऊ नका. ते उन्हाळ्यात जागा बघायला चला म्हणतात.

निवारा शाळेत ठरवा. सगळे शाळेतच ठरवतात. आमची सव्वाशे माणसं चार रात्री शाळेत होती. संडास दोन. एकाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांकडं, आणि मुख्याध्यापक लातूरला. दुसऱ्यात खिचडीचं जळण रचलेलं. पुरुषांचं काय, ते रस्त्याच्या कडेनं लांब जाऊन आले. माझी एक चुलती, सत्तरीची, दुसऱ्या दिवशी दुपारी भोवळ येऊन पडली. सगळे म्हणाले, भीती बसली. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, पाणी किती प्यालात? म्हातारी म्हणाली, “प्यालं की जावं लागतंय, बाई. अन् दिसाचं जायाचं कुठं?” सकाळपासून तिनं घोटभर पाणी घेतलं नव्हतं, अंधार पडायची वाट बघत होती. तिच्या शेजारी बसलेल्या चार-पाच जणींनीही नुसत्या माना हलवल्या. आराखड्यात त्या पानावर रकाना होता, ‘महिलांसाठी स्वतंत्र व्यवस्था’. पुढं लिहिलं होतं, ‘होय’. अक्षर माझंच.

असो. निराश होऊ नका, तयारी न करण्याचे फायदे पुष्कळ आहेत. तयारीला बातमी नाही. संकटाला आहे. २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावावी लागली होती, पाच माणसं हंडे घेऊन एकत्र आली तर तो जमाव. मग १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली, साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर चालून. साऱ्या देशानं लातूरचं स्टेशन टीव्हीवर बघितलं. आता मला सांगा, त्याआधीच्या पाच वर्षांत कुणी गळक्या पाइपलाइनी दुरुस्त केल्या असत्या, धरणातला उपसा मोजला असता, तर कुणाचा कॅमेरा आला असता? गळती थांबवलेल्या जॉइंटसमोर उभं राहून फोटो कसा काढायचा?

अनुभव नाही, असंही म्हणायची सोय नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गावं नुकती झोपली होती. भूकंप झाला, किल्लारी आणि भोवतालच्या पट्ट्यात मातीच्या माळवदाखाली दहा हजारांच्या घरात माणसं गेली, बावन्न गावं नव्यानं वसवावी लागली. त्या पुनर्वसनाच्या कार्यक्रमातूनच राज्याचा आपत्ती आराखडा पुढं आला. देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा, म्हणजे आराखडे करण्यात आपण देशाच्या कितीतरी पुढं. त्यानंतर ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झाला, तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला. आमच्या टाकीचा व्हॉल्व्ह तेवढा जुन्या नावानं गळतो.

शेवटचं सांगायचं राहिलं, फोन नंबरांचं पान. तिथं अधिकाऱ्यांचे नंबर टाका, बदली होऊन गेलेल्यांचे चालतात. पाणी सोडणाऱ्या शिपायाचा टाकू नका, त्याचं पद छोटं आहे. त्या चार रात्रींत वस्तीवरचा बोअर कुणाचा उंचावर आहे, ते त्याला ठाऊक होतं. ट्रॅक्टरवर जनरेटर लावून त्यानं तो सुरू केला, वाकवलेल्या सळईनं चिखलात हात घालून गावाकडचा व्हॉल्व्ह बंद केला म्हणून बुडालेल्या विहिरीचं पाणी गावच्या नळात शिरलं नाही, आणि औषध दुकानातून पदरच्या पैशानं क्लोरीनच्या गोळ्या आणल्या. कुठला व्हॉल्व्ह कुठं गाडलेला आहे, याचा नकाशा गावात त्याच्या डोक्याशिवाय कुठं नाही. त्याचा पाच महिन्यांचा पगार थकला आहे, पण तो विषय वेगळ्या फायलीत येतो.

येत्या मान्सूनपूर्व आढावा बैठकीला त्याला मात्र आठवणीनं बोलवा. साहेब बरोबर अकराला येतात, साडेअकराला चहा लागतो. त्याला सांगा, एक कप बिनसाखरेचा, साहेबांना शुगर आहे. आणि पाणी जारचं ठेव म्हणावं, नळाचं नको.