'पहिल्याच लिंकवर मिळतं' म्हणणाऱ्यांना उत्तर

निनावी साहेब,

एसएसआयएस, म्हणजे डेटा एकीकडून दुसरीकडे नेणारं आणि वाटेत बदलणारं मायक्रोसॉफ्टचं साधन; त्यातल्या फंक्शनांची माहिती कुठे शोधायची, या माझ्या पोस्टवर तुम्ही लिहिलंत: "गूगल केलं की पहिल्याच लिंकवर मिळतं, एवढं पाल्हाळ कशाला? ज्याला शोधता येत नाही त्याने दुसरं काम बघावं."

पोस्ट लांबली, हे मान्य. पण ते दुसरं वाक्य? माझ्याकडे नवीन शिकणारी मुलं येतात. त्यांना हाकलायचा ठेका तुम्हाला कुणी दिला?

आता तुमची ती पहिली लिंक. 'इझनल' हे नलसाठीचं, म्हणजे रिकाम्या किमतीसाठीचं फंक्शन. नुसतं ते नाव टाकून शोधलं की हमखास ट्रान्झॅक्ट-एसक्यूएलचं, म्हणजे एसक्यूएल सर्व्हर डेटाबेसच्या भाषेचं पान पुढ्यात येतं. तिथलं इझनल दोन आर्ग्युमेंट (फंक्शनला पुरवायच्या किमती) घेतं. पहिलं नल असेल तर दुसरं परत देतं. एसएसआयएसचं इझनल एकच घेतं आणि फक्त ट्रू की फॉल्स एवढंच सांगतं. नलच्या जागी काही भरायचं तर रिप्लेसनल हे वेगळं फंक्शन, आणि तेही 2012 च्या आवृत्तीपासून. त्याआधी प्रश्नचिन्ह आणि कोलनची कंडिशन लिहीत बसायचो. तारखेतून वर्ष, महिना वगैरे काढणाऱ्या डेटपार्टचीही तीच गत: तिकडे 'इयर' तसंच लिहितात, इकडे डबल कोट्समध्ये घालावं लागतं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर दोन्ही पानं आहेत, कुठलं कशाचं ते शीर्षकातल्या कंसात दिलेलंही असतं. डिलिव्हरीच्या रात्री तो कंस कोण वाचतो?

हे मी हवेत बोलत नाहीये. एसएसआयएसच्या आधी डीटीएस हे साधन होतं, त्या काळापासून या धंद्यात आहे. 2005 मध्ये एसएसआयएस आलं तेव्हा सगळं पुन्हा शिकलोय. एका बँकेच्या प्रोजेक्टवर आमच्यातली एक हुशार मुलगी डिराइव्ह्ड कॉलमच्या खिडकीत (एसएसआयएसमध्ये एक्स्प्रेशन लिहून कॉलमची किंमत ठरवतात तिथे) असंच दोन आर्ग्युमेंटचं इझनल लिहून बसली होती. एक्स्प्रेशन लालच्या लाल. बिचारी कंस मोजतेय, कॉलमचं स्पेलिंग तपासतेय. शेजारच्या टॅबमध्ये तुमची पहिली लिंक उघडी! एरर काय म्हणतेय ते माउस नेऊन पाहिलं, मग उजव्या कोपऱ्यातली फंक्शनांची यादी उघडली, तेव्हा उलगडा झाला. तिने दुसरं काम बघायला हवं होतं का? आज ती टीम सांभाळते.

राहिले नेहमीचे दोन सल्ले: "एआयला विचारा" आणि "स्क्रिप्ट कंपोनंटमध्ये (एसएसआयएसमध्ये स्वतःचा कोड लिहायची जागा) सी शार्प लिहा". विचारा, लिहा, कोण अडवतंय?

पुढची पोस्ट टोकन आणि टोकनकाउंट या एसएसआयएसच्याच फंक्शनांवर आहे. तीही लांबच असेल. वाचायची सक्ती नाही.