पालथी बादली

आज सकाळी आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप आला. शेजारच्या इमारतीतील दीड वर्षाच्या मुलाने ओट्यावरून लोंबणारी विजेच्या किटलीची वायर ओढली आणि गरम पाणी त्याच्या हातावर सांडले. मूल आता बरे आहे, हेही त्याच निरोपात लिहिले होते. तरीसुद्धा खाली आलेले पहिले उत्तर होते, "मुलाची आई कुठे होती?" त्यावर भराभर सात अंगठे उमटले. मी फोन पालथा ठेवला, चहा केला, तो निवू दिला आणि शेवटी हे लिहायला बसले.

आई कुठे होती, ते मी सांगते. नऊ वर्षांपूर्वी माझी मुलगी अकरा महिन्यांची होती आणि मी कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून गॅस बंद करायला गेले होते. सासूबाई देवपूजा करत होत्या, सासरे बाल्कनीत वर्तमानपत्र वाचत होते, नणंद कामावर निघण्याच्या गडबडीत होती आणि माझा नवरा बाथरूमच्या दारापासून चार पावलांवर फोनवर बोलत उभा होता. घरात पाच मोठी माणसे होती. त्या काळी आमच्याकडे सकाळी दोनच तास पाणी येत असे, त्यामुळे बादल्या काठोकाठ भरून ठेवणे हा घराचा नित्यनेम होता. मुलगी रांगत आत गेली, बादलीची कड धरून उभी राहिली आणि आत वाकली. मी पोहोचले तेव्हा तिच्या टाचा जमिनीवरून सुटल्या होत्या आणि कपाळ पाण्याला टेकले होते. आवाज कसलाच झाला नव्हता.

या वयात मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते, त्यामुळे तोल गेला की ते डोक्यावरच आत जाते. हातांत स्वतःला वर उचलण्याइतके बळ नसते आणि भरलेली बादली जड असल्यामुळे कलंडतही नाही. नाक-तोंड बुडायला दोन इंच पाणी पुरते. ओरडायला तोंड पाण्याबाहेर असावे लागते, म्हणून हे सारे शांततेत घडते. हे मला त्या दिवसानंतर कळले, आणि याचा मला अजूनही राग येतो, कारण बाळंतपणात डिंकाच्या लाडवांपासून काजळापर्यंत प्रत्येक गोष्टीवर सल्ला देणाऱ्या एकाही व्यक्तीने बादलीचा विषय काढला नव्हता.

"लक्ष ठेवायचे" ही व्यवस्था नव्हे. पाच जण लक्ष ठेवतात तेव्हा प्रत्येकाला वाटते की उरलेले चौघे पाहत आहेत, आणि काही विपरीत घडले की ती जबाबदारी अचानक एकट्या आईची होते. त्या दिवशी मला तीन जणांनी विचारले, "तू कुठे होतीस?" चार पावलांवर उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याला कोणी काही विचारले नाही. खरे सांगायचे तर मीही विचारले नाही.

मूल पडल्याशिवाय शिकत नाही, हे मान्य आहे. गुडघे फुटू द्यावेत. टेबलाच्या कोपऱ्यांना लावायचे फोमचे तुकडे आम्हीही हौसेने आणले आणि मुलीने ते आठवड्याभरात चावून काढले, हेही कबूल करते. पण कपाळाला आलेले टेंगूळ आणि बादली यांना एकाच मापाने मोजून "किती ते लाड" म्हणणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. मुख्य धोका बाजारात मिळणाऱ्या अशा फोमच्या तुकड्यांच्या संचात मावतच नाही. तो खेळण्यातल्या आणि रिमोटमधल्या चपट्या गोल सेलमध्ये असतो, जो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकते. तो बाल्कनीच्या आडव्या गजांत असतो, कारण आडवे गज म्हणजे मुलासाठी शिडीच. उभ्या गजांमधली फटसुद्धा चार इंचांपेक्षा कमी हवी. शेंगदाणे, फुटाणे, कपाटातल्या डांबरगोळ्या आणि देवघरातला कापूर यांतही तो असतो. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात, आणि आपल्याकडे तो रांगणाऱ्या मुलाच्या बरोबर हाताशी, खालच्या खणात ठेवलेला असतो.

"आमच्या वेळी हे काही नव्हते" या वाक्यावर मी पूर्वी चिडत असे. आता तितकी चिडत नाही, कारण त्या बादलीच्या दिवशी दुपारी सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या आणि त्यांच्या माहेरच्या घराविषयी बोलू लागल्या. विहिरीकडच्या दाराला आडवी फळी असे आणि बाळाच्या पायांत घुंगरांचे वाळे असत. वाळे वाजत असले की आजी भाकऱ्या थापत राही. ते थांबले की ती पिठाच्या हातांनी उठे. म्हणजे त्यांच्या वेळी सर्व काही होते, फक्त त्याला नाव नव्हते. एवढे सांगून त्या हळूच म्हणाल्या, "बादली मीच भरली होती गं." त्यानंतर त्या रडल्या आणि मीही रडले.

त्याच संध्याकाळी नवऱ्याने बाथरूमच्या दाराला बाहेरून, अगदी वर, कडी बसवली आणि गीझरचे तापमान ५० अंशांच्या खाली आणले. पाणी झाकणाच्या पिंपात साठवायचे, पिंपावर वजन ठेवायचे आणि वापरलेली बादली पालथी घालायची, असे ठरले. मुलगी आता चौथीत आहे, तरी आमच्या घरात बादली पालथीच असते. पाहुणे हसतात, हसू देत.

उद्या नणंद दिवाळीसाठी येते आहे आणि तिचा मुलगा दहा महिन्यांचा आहे. म्हणून हे लिहिता लिहिता मध्येच उठून मी गुडघ्यांवर, त्याच्या उंचीवरून, सारे घर रांगून पाहिले. सोफ्याखाली एक टाचणी सापडली आणि देव्हाऱ्याच्या मागे कापराची एक वडी. सासूबाईंनी ती माझ्या हातातून घेतली, डबीत टाकली आणि काही न बोलता डबी सर्वांत वरच्या फळीवर ठेवण्यासाठी नवऱ्याला हाक मारली.