बुऱ्हाणपूरचं भुयार आणि आमच्या बिल्डिंगची विहीर

मागच्या शनिवारी आम्ही पाच जण, सगळे शाळेपासूनचे, कल्याणहून रात्रीची गाडी पकडून बुऱ्हाणपूरला गेलो. बाकीच्यांना असीरगड बघायचा होता, मला कुंडी भंडारा, म्हणजे तिथली जुनी भुयारी पाणीव्यवस्था. तिकडे लोक खूनी भंडाराही म्हणतात.

पिंजऱ्यासारख्या लिफ्टमधून ८० एक फूट खाली उतरलो. वर ऊन भाजत होतं आणि खाली पाय टाकला तर पाणी गारेगार. माणूस चालू शकेल एवढं भुयार, भिंतींवर क्षाराचे पांढरे थर, गिझरच्या कॉईलवर धरतात ना तसेच, हात फिरवला तर खरखरीत. आम्ही टॉर्च बंद केले. पुढच्या कुंडीतून, म्हणजे वरून भुयारात उतरणाऱ्या विहिरीसारख्या खड्ड्यातून, उजेडाचा एक गोल कवडसा पाण्यावर पडला होता, आणि त्या कवडशात दिसलं की पाणी थांबलेलं नाहीये, हळूहळू सरकतंय. मैत्रीण म्हणाली, "अरे पण पंप कुठेय?" पंप नाहीच! १६१५ च्या सुमारास, जहांगीरच्या काळात, हे बांधलं. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरून तापीकडे झिरपतो, त्याला वाटेतच अडवायचं, ओळीने शंभरावर कुंड्या खणायच्या, त्या खालून भुयाराने जोडायच्या आणि भुयाराला इतका बेताचा उतार द्यायचा की पाणी आपलं आपण शहरापर्यंत जाईल. ही मूळ इराणकडची पद्धत. आपल्याकडे मलिक अंबरने औरंगाबादला नहर केली तीही याच जातीची.

२०२४ मध्ये खूनी भंडारा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेला, मनापासून आनंद झाला. पण मला वाटतं नुसती कुंडी आणि लिफ्ट सांभाळून भागणार नाही, कारण आजूबाजूला बोअर मारत गेलं की पाण्याची पातळी भुयाराच्या खाली जाते, मग बांधकाम कितीही भक्कम असू दे, आत पाणी येणार कुठून? वरचा डोंगर आणि भोवतालची जमीन पण त्या भंडाऱ्याचाच भाग आहे, हे कागदावर यायला हवं.

परत येताना सारखी आमच्या दादरच्या बिल्डिंगची विहीर आठवत होती. इंग्रजांच्या काळात मलेरियाच्या भीतीने मुंबईतल्या कितीतरी विहिरी बुजवल्या, झाकल्या. आमची वाचली. आजी सांगायची, नळाला पाणी नसलं की अख्खी चाळ तिथे रहाट ओढायची. आता तिच्यावर स्लॅब आहे, स्लॅबवर स्कूटर लावतात आणि रिडेव्हलपमेंटच्या प्लॅनमध्ये तर ती दाखवलेलीच नाहीये. चर्चगेटजवळची भिका बेहराम विहीर १७२५ ची, समुद्र एवढा जवळ असून आजही गोडी आहे! आमच्या विहिरीचं पाणी प्यायचं नका म्हणू हवं तर, पण फ्लशला, गाड्या धुवायला, बागेला आपण भातसा-वैतरणेचं शुद्ध केलेलं पाणी ओततोय, ते मला आता खरंच बघवत नाही.

रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. स्लॅब काढून गाळ उपसा आणि नव्या प्लॅनमध्ये विहीर दाखवा, असं लेखी देणार आहे, तीन सह्या झाल्यात. तुमच्यापैकी कोणी बिल्डिंगची विहीर साफ करून घेतली असेल तर माणसं कुठून मिळाली आणि खर्च किती आला ते प्लीज कळवा, रविवारच्या आत.