'मुलाचा गेम घालवला' या एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्याकडून कॉम्प्युटर दुरुस्त करून नेल्यावर तुमच्या चिरंजिवांची गेममधली दोन वर्षांची मेहनत गेली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. मुलगा रात्री जेवला नाही असं तुम्ही म्हणालात. माझी मुलगी त्याच वयाची आहे. ऐकून फार वाईट वाटलं.

तुमचा रिव्ह्यू चार वाक्यांचा आहे. "सगळा डेटा उडवला. डी ड्राइव्हला हात लावू नका सांगूनही गेम घालवला. न शिकलेली माणसं कामाला ठेवलीत. वर पाचशे रुपये घेतले." बाकीचं मी ऐकून घेतो, पण दुसरं वाक्य खरं नाही आणि ते वाचून दोन रात्री नीट झोप लागलेली नाही. डी ड्राइव्हला आम्ही हात लावला नाही. तुमचा गेम आजही डीवर जसाच्या तसा आहे, उघडून बघा. चालतो, फक्त पहिल्यापासून सुरू होतो. हे असं का होतं ते इथे लिहितो. इतर गिऱ्हाईकंही हे वाचणार आहेत आणि त्यांना आम्ही बेफिकीर आहोत असं वाटायला नको.

सोमवारी साडेअकराला तुम्ही मशीन आणलंत. अपडेट अर्धवट होऊन विंडोज उघडत नव्हतं. सी ड्राइव्हला, म्हणजे विंडोज असतं तिथे, २५६ जीबीची एसएसडी (चिपवाली डिस्क), डीला एक टीबीची फिरती हार्ड डिस्क. मिसेस काउंटरला होती. तिने नेहमीप्रमाणे विचारलं, "सीमध्ये काही महत्त्वाचं आहे का?" तुम्ही म्हणालात, "डेस्कटॉप आणि फोटो तेवढे घ्या, गेमबिम सगळं डीला आहे, सीमध्ये बाकी काही नाही." तिने ते तसंच जॉब कार्डवर लिहिलंय आणि खाली तुमची सही आहे. सही दाखवून अंग काढून घेतोय असं समजू नका. आम्ही एसएसडी काढून आमच्या मशीनला लावली आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स असा ४१ जीबी माल कॉपी केला. तो तुम्हाला सगळा परत मिळाला. म्हणजे "सगळा डेटा" हेही बरोबर नाही.

आता वेळेचं. एरवी आम्ही फॉरमॅट मारण्याआधी, म्हणजे सी पुसून विंडोज नव्याने टाकण्याआधी, सीची पूर्ण इमेज (जशीच्या तशी प्रत) काढतो आणि आठ दिवस आमच्याकडे ठेवतो. त्याला आमच्या जुन्या डिस्कवर दीड तास जातो. तुम्हाला मशीन चार वाजता हवं होतं, मुलाचा ऑनलाइन क्लास होता. तुमचा फोन एक वाजून दहा मिनिटांनी आला, मग दोनला, मग पावणेतीनला. तिसऱ्या फोनवर तुम्ही म्हणालात, "एवढ्याशा कामाला एवढा वेळ?" मी इमेज काढली नाही. तो निर्णय माझा होता, कामावरच्या पोराचा नव्हे. गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून घेतला. तीन फोन आले नसते तर इमेज काढली असती आणि आज तुमच्या मुलाचा सेव्ह, म्हणजे गेममधली प्रगती साठवणारी फाइल, तुमच्या हातात असता. हे लिहायला नको होतं कदाचित, पण खरं आहे.

गेम डीला असताना सी फॉरमॅट केल्यावर त्यातली प्रगती कशी जाते, हे नीट सांगतो. मी २००५ पासून या धंद्यात आहे. विंडोज एक्सपीच्या काळात बहुतेक घरांत एकच यूजर असायचा आणि तोच ॲडमिन, म्हणजे सगळ्या परवानग्या असलेला. गेम आपले सेव्ह बिनधास्त स्वतःच्याच फोल्डरमध्ये टाकायचा. ते अख्खं फोल्डर उचलून डीला ठेवलं की काम झालं. तुमच्या मनात तीच पद्धत बसलेली आहे आणि त्यात तुमची चूक नाही. २००७ साली विंडोजची विस्टा ही आवृत्ती आली आणि प्रोग्रॅम जिथे बसतात त्या प्रोग्रॅम फाइल्स फोल्डरवर कुलूप पडलं, म्हणजे ॲडमिनने चालवलेल्या गेमलाही वेगळ्या परवानगीशिवाय तिथे लिहिता येईना. जुने गेम तरीही तिथेच लिहायला जायचे, म्हणून विंडोज त्यांच्या फाइली गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये वळवायचं. तेव्हापासून रीत अशी झाली की गेमच्या फाइली एकीकडे आणि ज्याचा खेळ त्याचा सेव्ह त्याच्या यूजरच्या फोल्डरमध्ये. एका कॉम्प्युटरवर दोन भाऊ खेळत असतील तर दोघांचं वेगवेगळं राहावं, हा त्यामागचा विचार चांगलाच आहे.

अडचण पुढे आहे. विस्टापासून विंडोजमध्ये 'सेव्ह्ड गेम्स' नावाचं खास फोल्डर आहे, अगदी समोर, डॉक्युमेंट्सच्या शेजारी. गेमवाल्यांनी सगळ्यांनी तिथेच सेव्ह ठेवले असते तर माझ्यासारख्याचं काम किती सोपं झालं असतं. पण तिथे थोडेच ठेवतात. जीटीए फाइव्हचे सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये जातात. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीची जगं ॲपडेटा नावाच्या फोल्डरमधल्या 'रोमिंग'मध्ये असतात. अनरियल इंजिन या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवरचे बरेच गेम ॲपडेटामधल्या 'लोकल'मध्ये लिहितात, युनिटी या तशाच सॉफ्टवेअरवरचे 'लोकललो'मध्ये. काही गेम तर थोडी माहिती रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत, ठेवतात. यातलं ॲपडेटा हे फोल्डर विंडोज मुळात लपवूनच ठेवतं. तुमच्या चिरंजिवांचा शेतीचा गेम युनिटीवरचा आहे. गेम डीला, आणि त्याचा सेव्ह सी ड्राइव्हमध्ये यूजर्स, त्यात तुमच्या नावाचं फोल्डर, त्यात ॲपडेटा, त्यात लोकललो, त्यात गेम बनवणाऱ्या कंपनीच्या नावाचं फोल्डर, इतका आत. त्या फाइलचा आकार काही केबी असतो. ४१ जीबी आम्ही नेलं आणि ते काही केबी मागे राहिले, याचं मला किती वाईट वाटतंय ते तुम्हाला लिहून कळणार नाही.

माझं स्पष्ट मत आहे की सेव्ह ही माणसाची स्वतःची वस्तू आहे, मुलाने काढलेल्या चित्रासारखी. ती डोळ्यांना दिसेल अशा जागी असायला हवी. गेमचा कॅशे किंवा ग्राफिक्सच्या तात्पुरत्या फाइली लपवा, त्या गेल्या तरी परत तयार होतात. सेव्ह परत तयार होत नाही.

तुम्ही म्हणाल, मग इतरांचे सेव्ह इंटरनेटवरून कसे परत येतात? स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर २००८ पासून क्लाउडची, म्हणजे सेव्ह इंटरनेटवर ठेवायची, सोय आहे, पण ती प्रत्येक गेमला नसते आणि त्यासाठी गेम तिथून घेतलेला असावा लागतो. तुमचा गेम मित्राकडून पेनड्राइव्हवर आणलेला होता. मला त्यात पडायचं नाही, मी कुणाला उपदेश करत नाही. फक्त 'दुसऱ्या दुकानात असं झालं नसतं' हे तुम्ही फोनवर म्हणालात म्हणून लिहिलं.

मंगळवारी सकाळी तुम्ही ओरडलात तेव्हा मी उलट एक शब्द बोललो नाही. मशीन ठेवून घेतलं आणि रात्री साडेआठपासून बारापर्यंत रिकव्हरी लावून बसलो, एक रुपया न घेता. काही मिळालं नाही. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर फॉरमॅट मारला तरी माल बऱ्याचदा परत काढता येतो, मी शेकडो लग्नांचे गेलेले फोटो परत मिळवून दिलेत. एसएसडीचं तसं नाही. फॉरमॅट होताच विंडोज तिला ट्रिमची आज्ञा देतं, हे भाग रिकामे झाले असं सांगतं आणि ती ते आतून साफ करून टाकते. मग कितीही महागडं सॉफ्टवेअर आणा. हे मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही रागात होतात आणि मी थकलो होतो.

न शिकलेली माणसं, असं लिहिलंत. आमच्याकडच्या पोराने आयटीआयला कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा कोर्स) केलंय, तीन वर्षं माझ्या हाताखाली आहे आणि तुमचा रिव्ह्यू त्याने माझ्याआधी वाचला. त्या दिवशी दुपारी तो गप्पच होता. मला काय म्हणायचं ते म्हणा, पण त्याची चूक यात तसूभर नाही.

साहेब, साताऱ्यात आमचं दुकान लहान आहे. हल्ली लोक आधी फोनवर स्टार बघतात आणि मग यायचं की नाही ते ठरवतात. रिव्ह्यू पडल्यापासून दोघांनी फोन करून विचारलं, "तुमच्याकडे डेटा जातो का?" वर्षानुवर्षं आपल्याकडेच येणाऱ्या एका मास्तरांनीही विचारलं.

जॉब कार्डवर आता 'घरात कोणी गेम खेळतं का?' असा प्रश्न वाढवला आहे, ॲपडेटाही कॉपी करायला सांगितलंय आणि घाईच्या कामांचं काय करायचं तेही बघतोय. पाचशे रुपये परत घेऊन जा, पाकीट काउंटरला तुमच्या नावाने ठेवलंय.

चिरंजिवांना पाठवलंत तर फार बरं होईल. त्यांनी गेम नव्याने सुरू केला असेल तर नवा सेव्ह कुठे पडतो ते मी दाखवतो. विंडोज ११ मध्ये व्ह्यू, मग शो, मग हिडन आयटम्स केलं की ॲपडेटा दिसायला लागतं. ते फोल्डर दर रविवारी डीला कसं कॉपी करायचं तेही शिकवतो, दहा मिनिटांचं काम आहे. स्टार वाढवा असं मी म्हणत नाही. डी ड्राइव्हचं ते एक वाक्य मात्र कृपा करून काढा. दुकान साडेदहा ते साडेआठ उघडं असतं, मी स्वतः दुपारी दोननंतर असतो.

आपला,
दुकानमालक