एकनिष्ठ प्रेक्षकाच्या घरी पाळणा हलतो तेव्हा

घरात बाळ आलं म्हणून गाण्याची स्पर्धा बघायचं सोडणारे लोक मुळातच कच्चे. तुम्ही त्यांतले नव्हे. मुलीच्या बारशाची वेळ ठरवताना तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरबरोबर टीव्हीचं वेळापत्रकही पाहिलंत, आणि संध्याकाळचा पाळणा सकाळी घेतलात. पाहुण्यांना सांगितलंत, भटजींना दुसरीकडे जायचं होतं. ही निष्ठा पुढेही टिकावी, म्हणून एका अनुभवी बापाचा हा सल्ला.

आधी स्वतःचा पूर्वेतिहास आठवा, धीर येतो. 2008-09 मधलं ‘सारेगमप’चं लिटिल चॅम्प्स पर्व. अंतिम फेरीतल्या पाच मुलांपैकी दोन कोकणातली: अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि आरवलीचा प्रथमेश लघाटे. आमच्या मालवणच्या वाडीत मतं फुटू नयेत म्हणून चक्क बैठक बसली होती. तिथे पहिला तास आरवली कुठली यावरच गेला. वेंगुर्ल्याची आरवली म्हणजे वेतोबाची, आपल्याच जिल्ह्यातली. एकाने तर वेतोबाला केळ्यांचा घड बोलूनही टाकला. मग कोणीतरी सांगितलं, पोरगा संगमेश्वराकडच्या आरवलीचा, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातला. देवाला बोललेलं परत घेता येत नाही, त्यामुळे घड गेला. मतं फुटायची ती फुटलीच आणि फेब्रुवारी 2009 मध्ये आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली. गाते छानच ती, पण हे तेव्हा वाडीत बोलायची सोय नव्हती. पुढे 2023च्या डिसेंबरात मुग्धा आणि प्रथमेश यांचं लग्न झालं. ज्यांच्यासाठी आपण शेजाऱ्याशी बोलणं टाकलं, त्यांनी शेवटी युती केली. आपण पाठवलेले एसएमएस हा आगाऊ आहेर समजावा.

तर अशी पुण्याई गाठीशी असलेल्या माणसाने लंगोट बदलण्यासारख्या कामापायी एक भाग बुडवावा?

नवजात बाळ दिवसाचे 14 ते 17 तास झोपतं, असं डॉक्टर सांगतात. खरं आहे. फक्त बाळ ती झोप सुट्या पैशांत देतं. वीस मिनिटं आत्ता, पस्तीस मग, दहा उधार. दर दोन-तीन तासांनी भूक लागते, आणि यातली एक भूक रात्री बरोबर साडेनऊला, शीर्षकगीताबरोबर लागते. याचा उपाय सोपा: टीव्ही लावा आणि आवाज पूर्ण बंद ठेवा. तसाही आतल्या खोलीतून आईचा हुकूम येणारच असतो, “आवाज बारीक कर रे मेल्या, चेडवाक आत्ता खंय डोळो लागलो!”

गाण्याची स्पर्धा मुक्याने कशी बघायची, असं नवख्यांना वाटेल. अहो, काही अडत नाही. स्पर्धक तोंड उघडतो. कॅमेरा एका परीक्षकाच्या भुवईवर जातो, मग दुसऱ्याच्या, मग पहिल्याच्या त्याच भुवईवर पुन्हा. प्रेक्षकांतली एक बाई डोळे टिपते. वीज चमकते, घरातली नव्हे, पडद्यावरची. मध्येच स्पर्धकाचं गाव दिसतं: कौलारू घर, अंगणात सायकल, सायकल धरून उभे वडील, आणि त्या सायकलीभोवती कॅमेऱ्याची प्रदक्षिणा. एक परीक्षक खुर्चीवरून उठला म्हणजे गाणं चांगलं झालं, तिघेही उठले म्हणजे जाहिराती जवळ आल्या. चार भागांत मला इतका सराव झाला की मी गुणसुद्धा आधीच सांगू लागलो. बाजूला बसलेले बाबा मात्र विचारायचे, “ह्यो कित्याक रडता? काढल्यानी काय तेका?” मी म्हणायचो, नाही, त्याचं कौतुक चाललंय.

इथे एक धोक्याची सूचना. आवाजावाचून काहीच चुकत नसेल तर इतकी वर्षं आपण नेमकं काय ऐकत होतो, असा प्रश्न मनात येऊ शकतो. त्याला तिथेच दाबा. बाळाची ढेकर काढतो तशी पाठीवर थाप मारली की बहुधा जातो.

दुसरा धोका खुद्द बाळाकडून आहे. बायकोच्या सातव्या महिन्यापासून तुम्ही गर्भसंस्कार म्हणून जुने भाग मोठ्याने लावलेत. पोटातल्या बाळाला ऐकू येतं, हे तर सिद्धच आहे. त्याने पुढे काय आवडून घ्यावं हे मात्र कुणाच्या हातात नाही. आमच्या कन्येचा पहिल्या पसंतीचा कलाकार म्हणजे विहिरीवरचा पंप. दुसऱ्या क्रमांकावर वाटणाचा मिक्सर, तोही ओल्या खोबऱ्याचा. सुक्या खोबऱ्याला ती आवाज चढवते. एकसुरी घरघर आईच्या पोटातल्या आवाजासारखी वाटते म्हणून बाळं तिच्याने निजतात म्हणे. मला विचाराल तर पंपाची दाद द्यावी तेवढी थोडी. हरकत नाही, मुरकी नाही, गावाकडच्या संघर्षाची चित्रफीत नाही, सूर मात्र एकदा लावला की टाकी भरेपर्यंत ढळत नाही. लाईट गेली तरच तो बाद होतो.

लाईटवरून आठवलं. जमल्यास मूल पावसाळ्यात होऊ द्या. कोकणात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बराचसा महाअंतिम फेरीच्या दिवशी पडतो. डिशचा सिग्नल ज्या लहरींवरून येतो, त्या जाड पावसात क्षीण होतात. पडद्यावर चौकटी-चौकटी होतात आणि गायकाचा जबडा एकीकडे, माईक दुसरीकडे. अशा रात्री भाग बुडाला तर दोष ढगांचा. निष्ठेला डाग नाही.

खरी परीक्षा आहे ती आजोबांची. माझे बाबा तरुणपणी डबलबारीला पखवाज वाजवायचे. समोरासमोर दोन बुवा, दोन पेट्या, रात्रभर सामना. एकाने अभंगातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने अभंगातूनच उत्तर द्यायचं, वर कोपरखळी. एसएमएस नाही. बुवा आवडला नाही तर लोक उठून खाजं आणि खडखडे लाडू आणायला जात, हाच निकाल. तर हे बाबा रात्री दोनला नातीला खांद्यावर टाकतात, ओटीवर येरझारा घालतात आणि फाटक्या आवाजात गवळण धरतात. ताल हाताने, तिच्या पाठीवर. दुसऱ्या कडव्याला पोरीची मान पडते. आत, त्याच वेळी, रेकॉर्ड करून ठेवलेल्या भागात कुणीतरी वरच्या षड्जाला पोचलेला असतो. ऐकू येत नाही, पण गळ्याच्या शिरा दिसतात. आणि तुम्ही दाराकडे तोंड करून बसलेले असता, हातात रिमोट तसाच. ही शुद्ध फितुरी आहे. बायकोने विचारलं तर म्हणा, वारा घेतोय.

आता शेवटचं, आणि रोज लागणारं. तीन आठवडे काही पाहिलेलं नसताना लोकांत मान कशी राखायची? दुकानात बाळंतशेपा घ्यायला जाल, तेव्हा कोणीतरी विचारणारच. नाव घ्यायचं नाही, तुम्हाला आठवतोय तो गेल्या महिन्यातच घरी गेलेला असू शकतो. फक्त मान हलवून म्हणायचं, अन्याय झाला. कुठल्याही पर्वाला, कुठल्याही निकालाला हे वाक्य चालतं. मी ते मोठ्या विश्वासाने वापरलं.

“जिकलो तो काय जिकण्यासारखो नव्हतो. अन्याय झालो.”

दुकानदाराने पुडी बांधता बांधता वर पाहिलं. “अरे, फायनल तर पुढच्या आयतवारी आसा.”

अशा वेळी गांगरायचं नाही. “तांचा सगळा आधीच ठरलेला आसता,” म्हणायचं, आणि सुटे पैसे न मोजता निघायचं.