सहावीला कुठली शाळा? आधी गणिताचे सर आहेत का ते विचारा

मे उजाडला की आमच्या अकोले (जि. अहिल्यानगर) तालुक्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ‘टॉप झेडपी शाळां’ची यादी फिरायला लागते. कुणाची किती पोरं नवोदयला लागली, शिष्यवृत्तीत कोण चमकलं, कुणाच्या भिंती बोलक्या, कुणाकडे स्मार्ट टीव्ही. कौतुक करायला माझी ना नाही. पण सहावी ते आठवीची शाळा निवडायला ही यादी काडीच्या कामाची नाही, आणि तीच बघून लोक दाखले काढतात, म्हणून एवढं लिहितोय.

नवोदयचंच घ्या. केंद्र सरकारची निवासी शाळा, अख्ख्या जिल्ह्याला एक, सहावीला 80 जागा, आणि परीक्षा होते पाचवीत. पोरगं निवडलं गेलं तर श्रेय पाचवीच्या बाईंचं. गावच्या सहावीच्या वाट्याला काय येतं? वर्गातलं सगळ्यात चुणचुणीत पोर निघून जातं. त्या आकड्यावरून सहावी-सातवीत काय शिकवतात हे कसं कळायचं? त्यापेक्षा आठवीच्या एनएमएमएस परीक्षेला, म्हणजे गरीब घरातल्या हुशार पोरांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेला, किती पोरं बसवली ते विचारा. साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातलं पोर त्यात निवडलं गेलं तर त्याला नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात. पास किती झाली हे नंतर बघू. शाळेने फॉर्म भरून घेतले का, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पालकांच्या मागे कुणी लागलं का, यातच बरंच कळतं.

माझा पहिला प्रश्न मात्र वेगळाच असतो: गणित-विज्ञानाला पदवीधर शिक्षक आहे का? शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी स्पष्ट लिहिलंय, गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्र, प्रत्येकाला किमान एक शिक्षक हवा. प्रत्यक्षात कुठे पद रिकामं, कुठे भाषेचे गुरुजीच अपूर्णांक शिकवतायत. आणि कुठे गणिताचे सर आहेत, पण प्रभारी मुख्याध्यापकही तेच. म्हणजे पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहित्या, केंद्रावरच्या मीटिंगा, आणि उरलेल्या वेळात बीजगणित. युडायसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी संकेतस्थळावर, शाळेचं नाव टाकलं की पट, शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृहं सगळं दिसतं. गणिताचा तास खरंच होतो का, तेवढं दिसत नाही. त्यासाठी शाळेत जाऊन वेळापत्रक मागायचं आणि सातवीच्या पोरांना विचारायचं, काल गणिताचा तास झाला का? पोरं खोटं बोलत नाहीत.

दुसरी गोष्ट, अकोल्यात एकच मोजपट्टी चालतच नाही. प्रवरेच्या काठाने, कारखान्याच्या ऊसपट्ट्यात, पालकाला निवड आहे. झेडपीची सातवीपर्यंतची शाळा, शेजारी संस्थेचं पाचवीपासूनचं हायस्कूल, शिवाय इंग्लिश मीडियमची पिवळी गाडी दारात. तिथे मे महिन्यात शिक्षकच घरोघर फिरतात, कारण पट घसरला की पद जातं. कुणी दप्तर देतं, कुणी रिक्षाचं भाडं. पालकाला वाटतं आपला मान वाढलाय!

राजूरच्या पुढे, भंडारदरा, रतनवाडी, घाटघरकडे चला. तिथे ‘कुठली शाळा चांगली’ हा प्रश्नच चैनीचा. वस्तीवर चौथी-पाचवीपर्यंतची दोन शिक्षकी शाळा. पुढच्या वर्गांची शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी असं कायदा म्हणतो. नकाशावर ती असतेही, पण मध्ये ओढा असतो आणि ऑगस्टात त्याला पाणी असतं. त्यात 15 मार्च 2024 चा संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याचा, शासन निर्णय आला. सहावी ते आठवीचा पट 20 च्या खाली, तर तिथे पदच मंजूर नाही. शिक्षक संघटनांनी रान उठवलं ते उगाच नाही. डोंगरातल्या वाड्यांवर 20 पोरं आणायची कुठून? शहरात बसून पटाची सरासरी काढणाऱ्याने एकदा हा घाट चढून बघावा.

मग पोरं जातात आश्रमशाळेत. आश्रमशाळेला नावं ठेवण्याची आपल्याकडे फॅशन आहे, आणि सोयींबद्दलच्या बऱ्याच तक्रारी खऱ्याही आहेत. पण भात काढून झाला की आई-बाप नारायणगावकडे मजुरीला जाणार असतील, तर सहावीतलं पोर तिथे राहतं, जेवतं, वर्गात बसतं, हे छोटं काम नाही. गंमत म्हणजे आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे, त्यामुळे ‘टॉप झेडपी’च्या यादीत त्या येतच नाहीत. पश्चिमेकडची कितीतरी पोरं जिथे शिकतात तीच शाळा वगळून तालुक्याची तुलना चाललीय.

मुलींचं गणित आणखी वेगळं. एसटीचा पास त्यांना फुकट आहे, पण शाळा सुटल्यावर बस किती वाजता? सातवीनंतर गाव बदलावं लागलं की घरात कुजबुज सुरू होते, आणि बस अंधारात येत असेल तर कुजबुजीचा निर्णय होतो. म्हणून आठवीपर्यंत गावातच चालणारी साधीसुधी शाळा मला चकचकीत पण लांबच्या शाळेपेक्षा वर वाटते. मुतारीला पाणी आणि दाराला कडी असेल तर आणखी वर.

यंदा ज्यांची पोरं सहावीला जाणार आहेत त्यांनी 15 जूनच्या प्रवेशोत्सवाच्या फुग्यांवर जाऊ नका. आवणीच्या म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, पाऊस धो-धो कोसळत असताना, न सांगता एक चक्कर मारा. किती सर आलेत, किती पोरं आलीत आणि कुठला तास चाललाय, एवढं बघून या.